इस्त्री न मोडलेली चड्डी

मी मुंबईला निघालो त्या दिवशी भुसावळच्या आमच्या रेल्वे कॉलनीने माझा सत्कार केला. निवड अजून व्हायची होती, पण सत्कार आधीच उरकून घेतला. शाल, नारळ, भाषण, सगळं झालं. फलाटावर "मुंबई गाजव भो!" म्हणून ओरडणारे तुम्हीच होतात, मित्रांनो. म्हणून हे तुमच्यासाठी लिहितोय, आणि तुमच्यातले जे पुढे माझ्यासारखेच पोटामागे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. माझे वडील, अण्णा, लोको शेडमध्ये फिटर होते. ते घोळक्याच्या मागे उभे होते. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "जागा सोडू नको."

हॉकी मला अण्णांनीच शिकवली. मी लेफ्ट बॅक, डावीकडून गोल राखणारा. आपलं मैदान मुरमाचं, चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. त्यामुळे अण्णा चेंडूकडे बघूच द्यायचे नाहीत. समोरचा पास द्यायला मान वर करतो, तेव्हा त्याला तुझ्या बाजूची वाट बंद दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "बॅकला आडवं पडावं लागलं म्हणजे तो आधीच चुकला," हे त्यांचं वाक्य मी जेवताना, झोपताना ऐकलंय.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीला संघासाठी एक बॅक हवा होता. निवड झाली की पक्की नोकरी. गिरण्यांच्या संपात देशोधडीला लागलेली माणसं तेव्हा तिथल्या प्रत्येक गेटवर काम मागत उभी असायची, आणि मला ते नुसतं खेळून मिळणार होतं! बोरीवलीला मामाकडे उतरलो. मामीने चड्डीला कडक इस्त्री करून दिली.

आठवडाभर पळवलं, फटके मारायला लावले. सगळ्यात मी पुढे होतो. शेवटी मॅच. राइट बॅकला नाशिकचा एक पोरगा, लेफ्ट बॅकला मी, आणि दोघांतला एकच घेणार. मी अण्णांनी सांगितलं तसा उभा राहिलो. समोरच्या संघाचा हाफ, म्हणजे मधून पास वाटणारा गडी, त्याने सुरुवातीला दोन-तीनदा माझ्या बाजूला पाहिलं, मग बघायचंच सोडलं. सगळा खेळ उजवीकडून सुरू झाला. नाशिकचा पोरगा चकायचा, धावत मागे जायचा, आडवा पडून चेंडू काढायचा. मांडवाखाली टाळ्या. मला वाटलं, आपलं काम झालं. इतका मूर्ख होतो मी.

मॅच संपल्यावर कोच खुर्चीतूनच म्हणाले, "तू खेळलास कुठे रे? तुझ्या चड्डीची इस्त्रीपण नाही मोडली. त्याची बघ." त्याची गुडघ्यापासून कंबरेपर्यंत मातीत लोळलेली होती. पंचवीस वर्षं हॉकीत घालवलेल्या माणसाने चड्डीवरून बॅक पारखला, आणि नाशिकच्या पोराला घेतलं.

मामाने कपाळावर हात मारला. "अरे, पडायचं ना एकदा तरी! वाट लावलीस ना यार सगळ्याची. हे बॉम्बे आहे, इथे दिसायला लागतं."

परत कुठल्या तोंडाने येणार होतो? शाल-नारळ घेऊन गेलेला पोरगा आठ-दहा दिवसांत परत आला, हे तुम्हाला चघळायला पुरलं असतं. त्याच वसाहतीत खोके भरायच्या कामाला लागलो. भांडुपला खोली घेतली, लग्न केलं. कधीमधी त्या कंपनीची मॅच बघायला जायचो. नाशिकचा पडायचा, लोक टाळ्या वाजवायचे, संघ हरायचा. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अण्णा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि ते माझ्याकडे आले. एका संध्याकाळी म्हणाले, "ती मॅच सांग मला. पहिल्यापासून." मी सांगितली. त्यांनी मध्येच विचारलं, "हाफने तुझ्याकडे बघायचं कधी सोडलं?"

"लवकरच. पहिल्या दहा मिनिटांत."

अण्णांचा चेहरा असा उजळला! "मग खुर्चीवरच्याला नाही कळलं, पण त्या हाफला कळलं रे."

"समोरचा हाफ पगार देत नाही, अण्णा."

"नाही देत," ते म्हणाले. "पण तू बरोबर उभा होतास."

मी उठून बाहेर गेलो. बरोबर उभं राहून मी आयुष्यभर दुसऱ्यांचा माल खोक्यांत भरला. पडायला शिकवलं असतं तर? तो राग अण्णा जाऊन इतकी वर्षं झाली तरी गेलेला नाही.

आता बोरीवलीत माझा स्वतःचा फ्लॅट आहे. तुमचे फोन येतात, घरी ये एकदा म्हणता. आमच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या कुणाचा संसार आहे, पण त्याचं मला काही नाही. त्या मॅचमधला माझा खेळ न पाहताही ज्याला तो दिसला असा एकच माणूस होता. तो गेला, आणि तुम्ही घरी ये म्हणता तेव्हा नेमकं कुठे यायचं, तेच मला कळत नाही.