वडिलांच्या साखरेची सरासरी

मी बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात सांख्यिकी शिकवते. वडिलांना मधुमेह होता. बहादरपूरच्या घरी ते रोज साखर तपासून आकडा कॅलेंडरवर लिहीत. महिनाअखेरीस मी सरासरी काढून सांगायची, "बाबा, सगळं ठीक आहे."

"मग मधूनच घाम का सुटतो, बेटा?" एकदा त्यांनी विचारलं.

"उन्हाळा आहे," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात साखर एकदम उतरून ते केळीच्या बागेत कोसळले आणि दवाखाना गाठायच्या आत गेले.

तेराव्यानंतर मी त्याच आकड्यांचं मानक विचलन, म्हणजे ते सरासरीपासून किती दूर पसरलेत ते, काढलं. ते प्रचंड होतं. एके दिवशी साखर अडीचशे, दुसऱ्या दिवशी साठ, घाम सुटण्याइतकी कमी, आणि सरासरी व्यवस्थित.

"त्यांचे आकडे तर चांगले होते ना?" आई अजून विचारते. मी हो म्हणते.