जीजी

डॉक्टर कमलाकर वैद्यांचं तोंड मुळातच फटकळ. लेस्टरच्या हॉस्पिटलात पेशंटशी मऊ बोलायचे, पण मुलाला, मिहीरला, 'गाढवा' नाहीतर 'माकडा' याशिवाय हाक नाही. जपानी सून युकारी लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली, ते ऐकून दचकली. तेव्हा हसून म्हणाले, "अगं, परक्याला कोण शिव्या देतं?"

नात एमी सहा वर्षांची. मँचेस्टरहून आली की आजोबांना चिकटायची. त्यांना ती 'जीजी' म्हणायची.

एका रविवारी मराठी मंडळातले रवी आणि मीनल चहाला आले होते. एमीबरोबर बदाम सात चाललं होतं. कमलाकरांनी मुद्दाम अठ्ठी दाबून 'पास' म्हटलं. एमीनं पान पाहिलं आणि हसत त्यांच्या अंगावर झेपावली. "जीजी नो बाका! तू चीटिंग केला!"

रवी खिदळला. "बाका म्हणजे मूर्ख ना हो? आमची सान्वी जपानी कार्टून बघून तेच म्हणते."

चार लोकांत कमलाकरांना ते झोंबलं. "आजोबांना मूर्ख म्हणतेस? हेच शिकवलं आईनं?"

युकारीचा चेहरा पडला. तिनं एमीला उभं केलं, दोघींनी वाकून माफी मागितली. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले.

स्वयंपाकघरात मिहीर म्हणाला, "बाबा, जीजी म्हणजेसुद्धा म्हातारबाच, तेही लाडानंच ना. आणि बाका ती फक्त मला आणि तुम्हाला म्हणते. शाळेत कुणाला म्हणायची हिंमत नाही तिची."

सॉरी म्हणायला कमलाकरांना पुढच्या खेपेपर्यंत तीन आठवडे लागले.

त्या खेपेला एमीनं दारातच वाकून म्हटलं, "ओजीसामा, नमस्कार." आजोबांसाठीचं फार अदबीचं संबोधन, मिहीरनं खालमानेनं सांगितलं.

"एमी-चान," कमलाकर शिकून आलेलं लाडाचं शेपूट लावत म्हणाले, "जीजी म्हण ना."

"नको. ते रूड आहे." तिनं आईकडे पाहिलं.

कमलाकर युकारीकडे वळले. "माझं चुकलं, बेटा. तू सांग तिला."

"नाही, बाबा, चूक आमचीच होती," युकारी शांतपणे म्हणाली. तिनं एमीचा कोट काढून खुंटीला लावला आणि सोफ्याच्या कडेला तिला ताठ बसवलं.