न्देलाच्या आईचा फोन

कायारच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायकांत दाबा जोपच्या तोंडाला कुणी लागत नसे. नाव वाळूवर आली की ती कमरेवर हात ठेवून भाव पाडायला उभी राहायची, आणि समोरचा नाखवा शेवटी हात टेकायचा. अशा बाईच्या पदरात एक दिवस पाच वर्षांची नात येऊन पडली, आणि तिच्याशी बोलायला दाबाकडे शब्दच नव्हता.

दाबाचा मुलगा मासांबा अमेरिकेत टॅक्सी चालवायचा. बायको तिथलीच, डेनिस नावाची. डेनिसला कॅन्सर निघाला. हॉस्पिटल, टॅक्सी आणि लेक, तिन्ही एकट्याला झेपेना, म्हणून त्याने न्देलाला ओळखीच्या एका बाईबरोबर गावी धाडलं. "डेनिस बरी होईपर्यंतच गं, याय," तो आईला म्हणाला.

न्देलाला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं आणि दाबाला इंग्रजीचा गंध नव्हता. दाबा अंगणातून "काय! काय!" अशी हाक मारायची, म्हणजे ये, ये, आणि पोर दचकून दाराआड लपायची. मग दाबाने माठापासून सुरुवात केली.

"न्दोख," माठावर हात ठेवून ती म्हणाली.

"वॉटर," न्देला म्हणाली.

"तुझं वॉटर ठेव तुझ्या बापाकडे! इथं न्दोख म्हटल्याशिवाय घसा ओला व्हायचा नाही."

पोरीला बोलणं कळलं नाही, हसणं कळलं. पाण्यामागून भात आला, भातामागून बकरी, चप्पल, ताप, रुसवा. वर्ष सरलं तेव्हा न्देला गल्लीतल्या पोरींशी वोलोफमध्ये, म्हणजे गावच्या बोलीत, कचाकचा भांडत होती. "शिव्यासुद्धा माझ्यासारख्याच देते!" दाबा मासळीच्या माचांवर बायकांना कौतुकाने सांगायची. मासांबा रविवारी फोन करायचा. लेक आपल्या भाषेत बोलते म्हणून तोही हरखून जायचा. डेनिसच्या घशावरच उपचार चालले होते, तिला बोलायची मनाई होती. पोरीचं इंग्रजी कधी निघून गेलं, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एका दुपारी दाबा माचावरची मासळी उलटत होती, तोच तिचा फोन वाजला. पलीकडे बाईचा घोगरा आवाज. एवढंच कळलं: "न्देला?"

दाबाने मासळी टाकली. "न्देला! धाव गं, तुझी आई!"

पोरीने फोन कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "डेग्गुमा."

म्हणजे ऐकू येत नाही, असं दाबाला वाटलं. दाबाने तिला दंडाला धरून वर ओढलेल्या एका नावेत चढवलं. तिथे रेंज चांगली यायची. "आता?"

"डेग्गुमा, माम," पोर आजीला म्हणाली.

"मोठ्याने बोल म्हणावं!"

"मोठ्यानेच बोलतेय ती," न्देला कंटाळून म्हणाली. "मला डेग्ग होत नाहीये."

ऐकू येणं आणि कळणं, वोलोफमध्ये दोन्हीला शब्द एकच. पोर आईची भाषा विसरली, हे दाबाला आत्ता उमगलं.

नावेच्या सावलीत पाथे न्जाय चहा उकळत बसला होता. गोऱ्या पाहुण्यांना किनारा दाखवायचं काम तो करायचा. दाबाने त्याला खांद्याला धरून हलवलं. "ऊठ! इंग्रजी येतं ना तुला?"

"येतं की, याय दाबा. तुम्हा जोपांना भात जितका गोड लागतो, तितकं येतं." न्जाय नि जोप एकमेकांना असं भातखाऊ म्हणून चिडवतात, ही तिथली रीतच.

"थट्टा नंतर कर, मेल्या! पोरीची आई आहे."

पाथेने ऐटीत फोन घेतला. "हॅलो, माय फ्रेंड!" म्हणाला, आणि कपाळाला आठ्या घालून ऐकू लागला. दाबाने फोनच्या दुसऱ्या बाजूने आपला कान लावला.

"काय म्हणतेय?"

"विचारतेय... पोर जेवली का."

"जेवले म्हणावं," न्देला म्हणाली. "मासा-भात."

"येस," पाथे म्हणाला. "फिश. गुड फिश."

पलीकडे ती हसली की रडली, समजलं नाही. मग ती बोलत राहिली. सावकाश, मधे दम घेत, पुष्कळ बोलली. पाथे नुसती मान हलवत होता, जणू तिला ती दिसणार होती. फोन बंद झाला तशी न्देला उड्या मारत खेळायला गेली.

"एवढं सगळं जेवणाचंच?" दाबाने विचारलं.

पाथेची मान वर होईना. "खरं सांगू? जेवणाचंही मीच घातलं पदरचं. माझं इंग्रजी पाहुण्यांना माळा विकण्यापुरतं. मला फक्त ती रडतेय तेवढं समजलं."

त्या संध्याकाळी दाबाने फोन करून, पोर इंग्रजी विसरली, पाथे मधे बोलला, एवढं मासांबाला सांगितलं. तो म्हणाला, "उद्या मी मधे बसतो, दोघींचं नीट बोलणं करून देतो." पण दुसऱ्या दिवशी डेनिसची शुद्ध हरपली, ती परत आलीच नाही.

माती तिकडेच झाली. त्यानंतर मासांबा आला. पोर इथेच राहू दे, असं त्याने ठरवलं होतं. परतायच्या आदल्या सकाळी तो आईजवळ चटईवर बसला.

"याय, त्या दिवशी डेनिस काय म्हणाली पोरीला? मला म्हणाली, सगळं सांगून झालं, आता मोकळी झाले. काय ते मी विचारलं नाही. दमली होती."

खोटं रचून सांगणं दाबाला अवघड नव्हतं. दोन गोड वाक्यं तिच्या जिभेवर आलीही. पण लेकाकडे बघून ती गिळली.

"आम्हांला कुणाला कळलं नाही रे, बाळा. एक शब्द तेवढा सारखा येत होता. बटन... बटन असं काहीतरी."

"बटन?" मासांबा विचारात पडला. "कसलं बटन? कोटाचं?"

"का बेटन? थांब, आठवते." दाबाने डोळे मिटले. "बिटन... पटन..." दरवेळी तोंडातून वेगळाच आवाज निघत होता, आणि पहिला कुठला होता हेही तिला आता सांगता येईना.

"राहू दे, याय."

"थांब रे, जरा थांब."

बाहेरून न्देलाने हाक मारली. नावा येत होत्या, बापाला दाखवायच्या होत्या. मासांबा उठून गेला. दाबा चटईवर तशीच ओठ हलवत बसून राहिली.