अर्ध्या गोळीचा विमा

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चौतीस वर्षं एका सरकारी इस्पितळात लिफ्ट सांभाळत होते. सहा लिफ्ट; त्यातली एक फक्त स्ट्रेचरची. लोकांना वाटतं लिफ्टवाला म्हणजे स्टुलावर बसून बटण दाबणारा. तो वेगळा. भावोजी ती बिघडली की दुरुस्त करणारे. छतावरच्या यंत्राच्या खोलीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे अजूनही ते थोडे ओरडूनच बोलतात.

त्यांचा एक नियम होता. दुरुस्ती झाली की प्रत्येक लिफ्टच्या कार्डावर तारीख घालून सही करायची असते. भावोजी आधी स्वतः एकटे आत शिरत, वरच्या मजल्यापर्यंत जाऊन खाली येत, धोक्याची बेल दाबून ती खालच्या चौकीत ऐकू येते का ते विचारत, आणि मगच सही करत. मोठे डॉक्टर ताटकळले, साहेब चिडले, तरी त्यात फरक नाही. या नियमापायी ताई लग्नाच्या पहिल्या वर्षापासून धास्तावलेली असायची. "तुटायची असली तर तुम्ही आत असतानाच तुटणार ना," असं ती म्हणायची. भावोजींचं उत्तर ठरलेलं. "म्हणून तर आधी मी."

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे विमा.

त्यांची मुलगी परदेशात असते. तिला सातवा महिना संपत आला होता. पहिली खेप, सासूबाई हयात नाहीत, जावई सकाळी बाहेर पडला की संध्याकाळी उगवणार. ताई बालवाडीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून याच दिवसाची वाट बघत होती. तिकिटं काढून झाली, पाच आठवड्यांनंतरची. राहिला होता तो प्रवासाचा वैद्यकीय विमा. तो नसेल तर व्हिसा नाही, आणि तिकडे साधा पाय मुरगळला तरी माणूस कफल्लक होतो असं जावयानं दहा वेळा बजावलं होतं.

भावोजींना दीड वर्षापूर्वी हृदयात स्टेंट बसला होता, त्यामुळे सगळी काळजी त्यांचीच चाललेली. ताई काय, ठणठणीत. ताईला कधी सर्दीसुद्धा झालेली आम्हाला आठवत नव्हती. एजंट फॉर्म घेऊन आला तेव्हा ताईच्या रकान्यांत त्याने भराभर 'नाही, नाही, नाही' लिहिलं, आणि भावोजींसाठी वर्षभराची औषधांची बिलं मागितली.

बिलं माझ्याकडे होती. मी औषधांच्या दुकानात काम करते, सव्वीस वर्षं झाली. घरातल्या सगळ्यांची औषधं मीच देते आणि त्याचा मला तोराही आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी बिलांचा गठ्ठा छापून मी ताईकडे गेले. भावोजींनी चष्मा लावला, बिलं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं दुकान लोकांना फसवतं का?"

"काय?"

"डॉक्टरांनी रोज एक गोळी सांगितली. महिन्याच्या तीस. तुम्ही दर महिन्याला पंचेचाळीस लावल्यात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढी वर्षं मी कुणाला एक कॅप्सूल जास्त दिली नाही, आणि हे शब्द घरच्याच माणसाकडून. "ताईनं मागितल्या तेवढ्या दिल्या," मी तडकून म्हटलं. "विचारा तिला. ताई, सांग गं यांना."

ताई जागेवर नव्हती. आत्ता तर समोर बसली होती. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला, आणि धुवायला एकही भांडं नव्हतं हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

भावोजी उठून आत गेले. मीही मागोमाग गेले. ओट्यावरचा गोळ्यांचा डबा त्यांनी उघडला, तळाशी बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. शेजारी सुरी होती, भाजीची नव्हे, छोटी, फळांची.

"अर्धी कोण घेतं?" त्यांनी विचारलं.

ताईनं नळ बंद केला. "मी," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. दीड वर्षापूर्वी भावोजी इस्पितळात होते तेव्हा एका नर्सनं बसल्या बसल्या ताईचंही ब्लडप्रेशर बघितलं होतं. ते खूप वाढलेलं होतं. डॉक्टरांना दाखवा, असं ती म्हणाली. ताईनं दाखवलं नाही. भावोजी घरी आले, त्यांना प्रेशरची गोळी सुरू झाली, तेव्हा ताईनं हिशेब केला की ते मोठे, त्यांना एक. मी लहान, मला अर्धी. दीड वर्ष ती रोज सकाळी त्यांची गोळी कापून घेत होती.

"अगं, पण सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"घरात एका वेळी एकानं आजारी असावं," ताई म्हणाली. "दोघं आजारी पडलो तर बघायचं कुणी कुणाकडे?"

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. आधी राग आला, आणि तो ताईचा नव्हता. सव्वीस वर्षं काउंटरवर उभी राहून मी लोकांना ज्ञान वाटते. दुसऱ्याची गोळी घेऊ नका, प्रमाण बदलू नका. सख्खी बहीण दर महिन्याला दीडपट गोळ्या नेते आणि मी वर पिशवीत घालून देते. भावोजींचा चेहरा माझ्याहून वाईट झाला होता. लिफ्टची पायरी बोटभर खालीवर थांबली तर ज्यांना मजल्यावरून कळायचं, त्यांना शेजारी झोपणाऱ्या बायकोचं काही कळलं नव्हतं.

संध्याकाळी एजंट फॉर्मवर सह्या घ्यायला आला. गोष्ट ऐकून त्याचं काही बिघडलं नाही. उलट तो खूश झाला. "काकूंच्या नावावर एकही चिठ्ठी नाही ना? मग कागदोपत्री त्या निरोगी आहेत. 'नाही' आहे ते राहू द्या. विषय संपला."

ताईनं लगेच पेन उचललं. आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं, "राहू द्या भावोजी. पाच आठवड्यांवर आलंय. आता तपासण्या काढल्या तर काहीतरी निघणार आणि कुणी विमाच देणार नाही."

भावोजींनी ताईच्या हातून पेन काढून घेतलं. "आत न शिरता कार्डावर सही नाही," ते म्हणाले. "तिकडे हिला काही झालं आणि कंपनीनं विचारलं की दीड वर्ष गोळी कसली घेत होता, तर हा येणार आहे का सोडवायला?" आणि एजंटकडे वळून, "येणार का रे बाबा?"

एजंट चहा न घेता गेला.

त्यानंतर ताईचं जे काही सुरू झालं ते मी आयुष्यात बघितलं नव्हतं. ती रडली. "पोरीला पहिल्या वेळी आई हवी असते," ती म्हणाली. "मला नाही जाता आलं तर ती मनात ठेवेल, आणि मीही ठेवीन. एक शब्द लिहायचा तर तुमचं काय जातंय?"

"आई हवी ना तिला," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आलेला मी ऐकला. "जिवंत हवी."

ताईनं त्यांच्याशी अबोला धरला. पण डॉक्टरांकडे मात्र गेली. प्रेशर एकशे अठ्ठ्याहत्तर निघालं. नाडी पन्नास. डॉक्टरबाईंनी दीड वर्षाची कथा शांतपणे ऐकली आणि विचारलं, "चक्कर येते का हो?"

"येते," ताई म्हणाली. हेही आम्हाला नवीन.

"यायचीच. तुमच्या यजमानांची गोळी नाडी मंद करते. त्यांना ती हवीच आहे. तुमची नाडी मुळातच मंद, तुम्हाला ती नको होती. आणि प्रेशरला अर्धी गोळी पुरलीही नाही." त्यांनी दुसरं औषध लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन आम्ही दुकानात आलो, मी बिल करायला बसले, आणि पेशंटच्या नावाच्या जागी ताईचं नाव टाकताना माझे हात थांबले. इतक्या वर्षांत तिच्या नावाचं हे पहिलंच बिल होतं.

इकडे भावोजींनी विम्याची माहितीपत्रकं गोळा केली. एका कंपनीनं सगळं खरं लिहिल्यावर ताईला दोन ओळींत नकार कळवला. ताईनं तो कागद भावोजींच्या ताटाशेजारी ठेवला, तेवढंच तिचं बोलणं. राहिल्या तीन. भावोजी त्यांची पत्रकं ज्या पद्धतीनं वाचायचे त्याचं मला हसू यायचं. पहिलं पान ते उघडतच नसत. "केबिनला आरसा कितीही मोठा लावा," ते म्हणायचे, "मला ब्रेक दाखवा." काय मिळतं ते पहिल्या पानावर ठळक असतं, काय मिळत नाही ते चौदाव्या पानावर बारीक असतं. ते चौदाव्यापासून सुरू करायचे.

आणि मग एका दुपारी त्यांनी बेल वाजवून बघायची ठरवली. प्रत्येक पत्रकावर अडचणीच्या वेळी फोन करायचा नंबर होता. भावोजींनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, फोन स्पीकरवर टाकला. पहिल्या कंपनीनं एकोणीस मिनिटं संगीत ऐकवलं. भावोजींनी त्या पत्रकावर फुली मारली. दुसऱ्या ठिकाणी एकानं उचललं, पण पॉलिसीचा नंबर नसेल तर बोलणार नाही म्हणून ठेवून दिलं. "अडकलेला माणूस आधी नंबर शोधणार का?" असं म्हणत दुसरी फुली. तिसरीकडे चौथ्या रिंगला एक बाई बोलली.

"आपण कुठे आहात? पेशंट शुद्धीवर आहे का?"

"पेशंट स्वयंपाकघरात आहे," भावोजी म्हणाले. "शुद्धीवर आहे. माझ्याशी बोलत नाही एवढंच."

"त्यांना काय होतंय?"

"आत्ता काही नाही. अजून विमा घेतलेला नाही. बेल वाजते का ते बघत होतो."

मग ती बाई म्हणाली, "वाजते, काका."

आतून ताईचं हसणं ऐकू आलं. तिनं ते दाबायचा बराच प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. त्या दिवशी अबोला संपला.

हीच कंपनी घ्यायची ठरली. तिचा हप्ता सगळ्यांत जास्त होता, भावोजींच्या हृदयासाठी खर्चाची मर्यादा होती, आणि ताईच्या प्रेशरसाठी त्यांनी तपासण्या आणि पंधरा दिवसांची रोजची नोंद मागितली. नोंद म्हटल्यावर भावोजींना हुरूप आला. त्यांनी पुठ्ठ्यावर रेघा मारून कार्ड बनवलं, तारीख, वेळ, आकडा, सही. ते दाराजवळ खिळ्याला टांगलं. रोज सकाळी ताईला पाच मिनिटं गप्प बसवायचं, मग पट्टा बांधायचा. "एवढी वर्षं लिफ्टला केलंत, आता मला टांगा," ती कुरकुरायची. पण गोळी लागू पडत होती. एकशे अठ्ठ्याहत्तरचे एकशे साठ झाले, मग दीडशे, मग एकशे अडतीस. चक्कर थांबली. ताई जिने चढताना कठड्याला धरायची ते तिनं सोडलं. ती कठडा धरायची हे आमच्या लक्षात आलं, ते तिनं सोडल्यावर.

दोघं निघायच्या आठ दिवस आधी कंपनीचं पत्र आलं. भावोजींनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. 'जाहीर केलेला आजार: उच्च रक्तदाब. समाविष्ट.' ताईनं तो कागद माझ्या हातून घेतला आणि स्वतः परत वाचला. मग तिनं भावोजींकडे बघितलं आणि म्हणाली, "आता करा सही."

सहा दिवसांत व्हिसा आला आणि दोघं गेले. नात झाली, वजन तीन किलो, नाक आमच्याकडचं. चौथ्या दिवशी ताईचा फोन आला. दवाखान्यातून सगळी मंडळी नुकतीच घरी पोचली होती.

"तुझ्या भावोजींनी इथेही तेच केलं," ती सांगायला लागली. "आमची इमारत अकरा मजल्यांची. दारात लेकीच्या कुशीत बाळ, जावयाच्या हातात सामान, आणि यांनी सगळ्यांना थांबवलं. म्हणे, आधी मी एकटा वर जाऊन येतो. बाळ आहे."

"मग? थांबलात ना सगळे?"

"ते थांबले. मी नाही. दार बंद होत होतं, मी पाय घातला आणि आत शिरले. हे ओरडले, कशाला आलीस. म्हटलं, आजवर खाली उभी राहून जीव मुठीत धरला, आता पुरे. माझ्या कार्डावर रोज तुमची सही होती ना? मग तुमच्या लिफ्टमध्ये मी."

"काय म्हणाले?"

"काही नाही. अकराव्या मजल्यापर्यंत माझा हात धरून उभे होते. उतरताना बेल मला दाबू दिली."

मी दुकानातच होते, समोर गिऱ्हाईक उभं होतं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आज गोळी घेतलीस का?"

"घेतली," ताई म्हणाली. "माझी. अख्खी."