शिवाप्पाचा हात

शिवाप्पा गेल्याचे त्याच्या मुलीने फोनवर कळवले. "अप्पा गेले, साहेब. तुमाला पयलं कळवा म्हणून सांगून ठेवलं हुतं त्यांनी." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. त्याला पाच आठवडे झाले. एकाच माणसाची क्षमा मागायची होती, आणि तो माणूस आता नाही...

दुधनीजवळच्या एका गावी जनावरांच्या दवाखान्यात मी पशुवैद्यक होतो आणि तो परिचर. शिक्षण सातवीपर्यंत. गाईच्या गुदद्वारातून हात घालून बीजांडकोश चाचपणे हे माझे काम. पण त्याच्या बोटांना जे कळे, ते माझ्या बोटांना कळत नसे. हे मी त्याला कधीही सांगितले नाही. गाईच्या बीजांडकोशात दर चक्रात दोन-तीनदा पुटकांचा, म्हणजे बीज धरलेल्या बारीक फोडांचा, घोळका वाढू लागतो. त्यातले एक पुढे जाते, बाकीची जिरतात. परंतु पीतपिंड नावाची गाठ प्रोजेस्टेरॉन स्रवत असते तोवर त्या एका पुटकालाही फुटता येत नाही. पीतपिंड विरले की पुटकातून इस्ट्रोजेन चढते, गाय माजावर येते आणि बीज सुटते. मी हे गावकऱ्यांना तक्ता लावून समजावत असे. शिवाप्पा एका वाक्यात सांगे, "म्हातारी दारात बसल्याली हाय तवर सून भायेर पडत न्हाय." लोक हसत, आणि त्यांना समजे.

तीसेक वर्षांपूर्वी गावात वंध्यत्व तपासणीचे शिबिर भरले. पीतपिंड विरघळवणारे इंजेक्शन तेव्हा नवे होते आणि मला त्याचा अभिमान होता. गंगव्वा नावाची विधवा आपली एकुलती एक गाय घेऊन आली. "चार म्हैनं झालं, माजावर येईना. वळू दावलाच न्हाय की." शिवाप्पाने आधी हात घातला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. "साहेब, थांबा. पिशवीची उजवी बाजू जड लागतीय. रानात सोडल्यावर काय झालं आसंल, कुणाला ठावं? गाभण आसंल." मी स्वतः तपासले. मला केवळ पीतपिंड लागले. गाय गाभण असेल तर तेच पीतपिंड गर्भ धरून ठेवते, हे मला पाठ होते. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासता आले असते. मागे गाईंची रांग होती. "डॉक्टर कोण, शिवाप्पा? तू की मी?" रांगेतील माणसे हसली. तो हात धुवायला गेला. मी सुई टोचली.

पाचव्या दिवशी गंगव्वा दवाखान्याच्या अंगणात उभी राहिली. फडक्यात उंदराएवढा गर्भ होता. खुरांच्या जागी तांदळाएवढ्या खुणा. "कुणी मारलं ह्याला?" मी तोंड उघडण्याआधी शिवाप्पा पुढे झाला. "माज्या हातनं झालं, अव्वा. दाब जास्ती पडला." ती गेल्यावर मी विचारले, खोटे का बोललास? "तुमच्यावरचा इस्वास गेला तर दवाखान्यात जनावर कोन आननार? माजं काय, मी शिपाई मानूस." मी ते मान्य केले. त्यानंतर गावाने त्याला जनावराला हात लावू दिला नाही. मला लाभलेला सर्वांत जाणता हात निवृत्त होईपर्यंत सुया उकळत राहिला.

अखेरच्या आजारात तो सोलापुरात माझ्या घरी आला होता. चहा होईपर्यंत मी धीर गोळा केला. "शिवाप्पा, त्या गाईचं..." तो हसला. "कंची गाय, साहेब? लई गाई झाल्या की." मी तिथेच थांबलो. आणखी एक वाक्य बोलता आले असते.

गेल्या आठवड्यात गंगव्वाकडे गेलो. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. ओसरीवर बसून सर्व सांगितले.

"आता सांगताय व्हय, साहेब? मेल्यावर?"

मी "हो" म्हणालो.

"माज्या दारात पाऊल टाकू दिलं न्हाय त्याला. तर सकाळी रस्त्यावर उभा ऱ्हायाचा. तितनंच वरडायचा, अव्वा, मुका माज हाय, वरनं दिसनार न्हाय, आज भरवून घे. मी तोंड फिरवायची, आन् गाय भरवून आनायची. एक डाव चुकला न्हाय. ह्या गोठ्यातलं समदं त्याच्या वरडण्याचं हाय." मग तिने खुंट्यावरच्या गाईकडे बोट दाखवले. "हिला माज आलाय का न्हाय, काल-परवापासनं कळंना झालंय. तुमी डॉक्टर. बगा की."

मी उठून गाईजवळ गेलो. शेपटी पाहिली, डोळे पाहिले. आत हात घातला. ऐंशीला टेकलेल्या बोटांना गाठ आणि पुटक यांतला फरक सांगता येईना. मी हात बाहेर काढला.

"मला कळत नाही," मी म्हणालो.

गंगव्वाने रस्त्याकडे पाहिले. मीही पाहिले. तिथे कोणी उभे नव्हते.