बाबांची वेल्डर मुलं

मी कतारला, दोहाला निघाले तेव्हा बाबा नाशिकहून मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडायला आले. आयटीआयमध्ये त्यांनी आयुष्यभर वेल्डिंग शिकवलं. बॅगा ट्रॉलीवर चढवताना म्हणाले, "तिकडे माझी मुलं भेटतील. कशी आहेत ते कळव." मी त्यांची एकुलती एक. 'माझी मुलं' म्हणजे त्यांचे विद्यार्थी.

माझं कामही त्या मुलांशीच बांधलेलं निघालं. मी अर्थशास्त्र शिकले. इथे स्थलांतरित कामगारांच्या पगारांचा अभ्यास करते. मायदेशी शिकलेल्या कामाला परदेशात काय मोल मिळतं, हा माझा विषय. शिक्षण एक आणि काम भलतंच, याला आमच्याकडे 'स्किल मिसमॅच' म्हणतात. दोहाच्या बिन महमूद भागातल्या ऑफिसात एसीखाली बसून हा शब्द टाइप करताना काही वाटायचं नाही.

अल खोरजवळच्या कामगारांच्या वसाहतीत मुलाखती घेताना दिनेश भेटला. माझं आडनाव ऐकून तो उठून उभाच राहिला. "तुम्ही सरांची मुलगी?" बाबांच्या वर्गात तो पहिला आला होता. वेल्डरची नोकरी म्हणून एजंटने त्याला पाठवलं, आणि इथे तो गोदामात माल चढवत होता. त्याचं सर्टिफिकेट कुणी पाहिलंही नव्हतं.

"ताई, सरांना सांगू नका. घरीपण माहीत नाही."

सरांशी बोलायचं मात्र त्याला फार होतं. मी फोन लावून दिला. पाइप कुठला, रॉड कुठला, जोड एक्स-रेमध्ये कसा स्वच्छ निघाला, सगळं तो उभ्यानेच सांगत होता. पलीकडून बाबांचं हसणं ऐकू येत होतं. फोन परत देताना म्हणाला, "लई दिवसांनी वेल्डिंग केलं, ताई."

पुढच्या शुक्रवारी बाबांनी मला विचारलं, "त्याच्या हातांवर ठिणग्यांचे डाग आहेत का गं?"

"घट्टे आहेत," मी म्हणाले. डाग एकही नव्हता.

"बरं," बाबा म्हणाले. "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस."

त्यानंतरही दोघं फोनवर बोलत राहिले. बाबा नवे नवे प्रश्न काढायचे, दिनेश उत्तरं द्यायचा. बाबा गेले तोपर्यंत हे चाललं.

बाबा गेल्यावर मी नाशिकला गेले. भेटायला येणाऱ्यांत दिनेशची आई होती, दिंडोरीकडून एसटीने आलेली. निघताना तिने माझा हात धरला. "बाई, माझा दिनेश तिकडं वेल्डरच हाये ना?"

माझी आई पाणी घेऊन येत होती, तीच म्हणाली, "तर काय! किती छान काम करतो म्हणून हे सारखे सांगायचे." बाबांनी तिला खरं काय ते सांगितलं होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

माझ्या अहवालात दिनेश आहे, एका तक्त्यात, नावाशिवाय. अजून गोदामातच आहे. "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी काम बदलेल," म्हणतो.

तुम्ही गावी राहिला असाल किंवा माझ्यासारखे निघून आला असाल, घर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला माहीत नाही. मला ती बाई दिसते, माझा हात धरून उत्तराची वाट बघणारी. सुट्टीचं तिकीट काढताना जीव घराकडे धावतो, आणि दारात पुन्हा तीच उभी असेल का, या विचाराने हात थांबतो.