कुणीच न मागितलेलं ‘हो’

आमच्या डायलिसिस केंद्रात नोंदी ठेवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे, अगदी डॉक्टरसुद्धा. नोंदी कागदावरून क्लाउडवर गेल्या, तेव्हा खातं ताईंच्या नावावर उघडलं आणि फोनही त्यांचाच जोडला. कुणी खात्यात शिरायला गेलं की त्यांच्या फोनवर प्रश्न यायचा: तुम्हीच आहात का? हो की नाही?

खरं तर आम्हा प्रत्येकाला वेगळं खातं मिळणार होतं. पण अर्ज कोण भरणार? आम्ही पाचही जण ताईंचाच पासवर्ड वापरायचो आणि आतून हाक मारायचो, “ताई, हो दाबा.” दिवसातून तीस वेळा त्या न बघता हो दाबायच्या. मी चिडवायचे, “लग्नातही एवढ्या पटकन हो म्हणाला नसाल.”

“तिथे मला विचारलं कुणी?” त्या म्हणायच्या.

त्या सकाळी फोन वाजला आणि ताईंनी हो दाबलं. मग मान वर केली. आम्ही पाचही जण त्यांच्यासमोरच नव्या यंत्राचं खोकं उघडत होतो.

“आत्ता कुणी मागितलं?”

आमच्यापैकी कुणीच मागितलं नव्हतं. डॉक्टर धावत संगणकापाशी गेले, पण पासवर्ड चालेना. आमचा पासवर्ड कुणा परक्याच्या हाती लागला होता, ताईंच्या ‘हो’नं तो आत शिरला होता, आणि खात्याला जोडलेला फोनसुद्धा त्यानं बदलून टाकला होता. एक्केचाळीस रुग्णांच्या नोंदी परक्याच्या हातात, आणि आम्ही बाहेर.

“माझ्यामुळे झालं,” ताई म्हणाल्या. त्यांच्या एकटीमुळे झालं नव्हतं, पण तसं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

खातं परत मिळायला दोन दिवस लागणार होते. रुग्ण थोडेच थांबणार? दहा वाजता पहिले रुग्ण आले, एक आजोबा. अंगातलं जादा पाणी किती काढायचं, ते प्रत्येकाच्या ठरलेल्या, म्हणजे जादा पाणी नसतानाच्या, वजनावरून कळतं. जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो, माणूस हातचा जाऊ शकतो.

“आजोबा, तुमचं ठरलेलं वजन किती हो?” ताईंनी विचारलं.

“ते तुम्हालाच ठाऊक. मी कशाला लक्षात ठेवू?” म्हणत त्यांनी निवांतपणे बाही वर केली.

“बावन्न,” ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, “की चोपन्न गं?”

सुई माझ्या हातात होती. तो आकडा मी दर खेपेला पडद्यावर वाचायचे, आणि दर खेपेला विसरून जायचे.